लिटनचे २१६ तास

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातलं लिटन हे जेमतेम अडीचशे वस्तीचं गाव ३० जून २०२१ च्या संध्याकाळी जळून गेलं. महापौर जॅन पोल्डरमन यांनी गाव सोडण्याचा हुकूम काढला तेव्हा सहा वाजले होते. तो क्षण शून्य धरून इथे मागे मोजलं आहे. वेळा तिकडच्या. आपलं घड्याळ तेव्हा साडेबारा तास पुढे होतं. लिटनमधून लोक पळत होते तेव्हा महाराष्ट्रात १ जुलैची सकाळ होऊन साडेसहा वाजले होते. शून्य नेमका कुठे धरायचा, हा प्रश्न मात्र वाटतो तितका सरळ नाही. त्याकडे पुढे येऊ.

२१ जून, सोमवार, संध्याकाळी ६ : २१६ तास बाकी

वर्षातला सर्वांत मोठा दिवस नुकताच उलटला आहे. लिटन ५० अंश उत्तर अक्षांशावर. इथे सध्या सूर्य पहाटे पाचच्या आसपास उगवतो आणि रात्री सव्वानऊच्या सुमारास मावळतो. म्हणजे सोळा तासांहून जास्त ऊन. थंड देश म्हणून आपण कॅनडाकडे पाहतो, पण जूनअखेरीस आभाळ निरभ्र राहिलं तर तिथल्या जमिनीला आपल्यापेक्षा जास्त वेळ ऊन खावं लागतं.

गाव फ्रेझर आणि थॉम्पसन या नद्यांच्या संगमावर, डोंगरांच्या खोल घळीत वसलेलं. हजारो वर्षांपासून ही न्लाकापमुख या मूळ रहिवाशांची वस्ती. नाव मात्र गोऱ्यांनी दिलं, १८५८ मध्ये, तेव्हाचे ब्रिटिश वसाहतमंत्री एडवर्ड बुलवर-लिटन यांच्यावरून. त्यांचे चिरंजीव आपल्या चांगलेच परिचयाचे : व्हाइसरॉय लॉर्ड लिटन. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खन होरपळत असताना दिल्लीत दरबार भरवणारे, आणि १८७८ च्या कायद्याने देशी वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारे ते हेच. त्या दुष्काळामागे पॅसिफिकमधला एक प्रचंड एल निनो होता, हे जगाला फार नंतर उमगलं. ही आडवाट वाटेल, पण एल निनोवर उमेदीची वर्षं घालवलेला एक माणूस पुढच्याच टप्प्यावर भेटणार आहे.

त्या आठवड्याच्या सुरुवातीपासून हवामानाच्या संगणकी प्रारूपांत काहीतरी विपरीत दिसू लागलं होतं. उंचावरून वाहणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांचा पट्टा उत्तरेकडे फुगणार आणि त्या फुगवट्यात उच्च दाबाचा भलामोठा प्रदेश अडकून बसणार, असं नकाशे सांगत होते. अशा प्रदेशात हवा वरून खाली बसत राहते. खाली येताना ती दाबली जाते, आणि दाबली की तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड हाताला चटका देतं, तसं. कोरडी हवा किलोमीटरभर खाली उतरली की जवळपास दहा अंशांनी तापते. ढग धरत नाहीत, ऊन थेट जमिनीवर, जमीन आधीच कोरडी. इंग्रजी वर्तमानपत्रं याला ‘हीट डोम’ म्हणतात. आपण उष्णतेचा घुमट म्हणू.

प्रारूपांतून येणारे आकडे अनुभवी अंदाजकर्त्यांनाही पचेनात. ज्या शहरांत पारा चाळिशी क्वचित गाठतो तिथे पंचेचाळीसच्या पुढे? संगणकाचीच काही गडबड असेल. गडबड काही नव्हती.

२४ जून, गुरुवार, दुपारी १२ : १५० तास बाकी

कॅनडाच्या हवामान खात्याचे इशारे निघू लागले आहेत. नेदरलंड्समध्ये, युट्रेक्टजवळच्या डे बिल्ट गावात, रात्रीचे नऊ. तिथे त्या देशाची शाही वेधशाळा आहे, आणि गीर्ट यान फान ओल्डेनबर्ग हे तिथले संशोधक.

या माणसाची वाटचाल सरळ नाही. शिक्षणाने ते मूलकणांचे भौतिकशास्त्रज्ञ. डॉक्टरेट त्यातलीच, नंतरची काही वर्षंही त्यातच गेली. १९९६ मध्ये ते वेधशाळेत आले आणि एल निनोच्या मागे लागले : पॅसिफिकचं पाणी तापलं की जगात कुठे पाऊस ओढ देतो, कुठे झोडपतो, आणि हे आधी कितपत सांगता येतं. काम करताना पावसाच्या, तापमानाच्या, समुद्राच्या नोंदी सतत लागायच्या. त्या दहा ठिकाणी विखुरलेल्या, दहा तऱ्हांनी लिहिलेल्या. १९९९ च्या सुमारास त्यांनी त्या एकत्र आणून ‘क्लायमेट एक्सप्लोरर’ नावाचं साधन तयार केलं. नोंदी निवडा, आलेख काढा, कल तपासा; सगळं फुकट, कुणालाही. दिसायला अगदी ओबडधोबड, पण जगभरच्या विद्यार्थ्यांची त्यावर वर्षानुवर्षं भिस्त राहिली. विद्यापीठांत बढत्या मिळतात त्या निबंधांवर. अशी हमाली करणाऱ्यांना सहसा कुणी विचारत नाही, आणि तरी शास्त्राचा गाडा पुष्कळदा त्यांच्याच खांद्यावर असतो.

या कामातूनच त्यांच्यापुढे दुसरा प्रश्न आला. कुठे पूर आला, कुठे माणसं उन्हाने मेली, की पत्रकार विचारतात, ‘हे हवामानबदलामुळे का?’ शास्त्रज्ञांचं ठरलेलं उत्तर असायचं की एका घटनेबद्दल असं सांगता येत नाही. ऑक्सफर्डचे माइल्स ॲलन यांना ते उत्तर पुरेसं वाटत नव्हतं. २००३ मध्ये त्यांनी मांडलं की एखादी घटना हवामानबदलाने ‘घडवली’ का हे सांगता येत नसलं, तरी तिची शक्यता किती पटींनी वाढली हे सांगता येईल. पुढच्याच वर्षी पीटर स्टॉट, डाइथी स्टोन आणि ॲलन यांनी युरोपातल्या २००३ च्या जीवघेण्या उन्हाळ्याचा हिशोब करून दाखवला : माणसाच्या हस्तक्षेपाने तसल्या उन्हाळ्याची शक्यता किमान दुप्पट झाली होती.

अडचण वेळेची होती. असा निबंध छापून यायला वर्ष जायचं, आणि तोवर लोक ती आपत्ती विसरून गेलेले असायचे. म्हणून फान ओल्डेनबर्ग आणि फ्रीडरीके ओटो यांनी ‘वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन’ या गटाचं काम उभं केलं. ओटो भौतिकशास्त्र शिकलेल्या, पण त्यांची डॉक्टरेट विज्ञानाच्या तत्त्वज्ञानातली. पद्धत आधीच तपासून घ्यायची, आणि घटना घडली की काही दिवसांत उत्तर द्यायचं, असा त्यांचा खाक्या.

उत्तर दर वेळी ‘हो’च असेल असं नाही, आणि मला या मंडळींबद्दल भरवसा वाटतो तो त्यामुळे. १९ मे २०१६ रोजी राजस्थानातल्या फलोदीत ५१ अंश नोंदले गेले, देशातला उच्चांक. त्यावरचा फान ओल्डेनबर्ग आणि सहकाऱ्यांचा निबंध २०१८ मध्ये आला. त्यात दिल्ली आयआयटीचे कृष्णा अच्युतराव होते. सगळे ‘हवामानबदलाने केलं’ या वाक्याची वाट पाहत असताना निबंध म्हणाला की भारतातल्या कमाल तापमानाच्या उच्चांकांत तसा स्पष्ट कल दिसत नाही. कारणं दोन. हवेतल्या धुराने आणि धुळीने ऊन अडतं, आणि कालव्यांच्या, विहिरींच्या पाण्याने भिजलेल्या रानांवर दिवसाचा पारा थोडा दबतो. मात्र ते पाणी हवेत दमटपणा वाढवतं, आणि शरीराला तोच जास्त जाचतो. उसाच्या फडाशेजारी मे महिन्यात दुपारी उभं राहिलेल्या माणसाला हे निबंधाशिवायही ठाऊक आहे.

जून २०२१ मध्ये फान ओल्डेनबर्ग ५९ वर्षांचे होते आणि गेली कित्येक वर्षं रक्ताच्या कर्करोगाशी झगडत होते.

२६ जून, शनिवार, संध्याकाळी ६ : ९६ तास बाकी

अमेरिकेच्या ओरेगन राज्यातलं पोर्टलंड शहर : ४२.२ अंश. आजवरचा उच्चांक ४१.७ होता. तो मोडला, आणि लाट अजून पुरती आलेलीही नाही.

२७ जून, रविवार, दुपारी ४ : ७४ तास बाकी

लिटन ४६.६. संपूर्ण कॅनडाचा उच्चांक आजवर ४५ अंशांचा होता. सस्कॅचवन प्रांतातल्या मिडेल आणि यलो ग्रास या दोन ठिकाणी ५ जुलै १९३७ रोजी नोंदलेला. ८४ वर्षं तो कुणी हलवला नव्हता. तापमानाचे उच्चांक मोडतात ते एखाद-दोन दशांशांनी. जुनी नोंदवही जितकी लांब तितकी वाढ बारीक. इथे एका फटक्यात १.६ अंश.

पोर्टलंड आज ४४.४. ट्रामला वीज पुरवणारी एक केबल वितळली आणि गाड्या बंद ठेवाव्या लागल्या.

२८ जून, सोमवार, दुपारी ३ : ५१ तास बाकी

पोर्टलंड स्टेट विद्यापीठात विवेक शांदास नावाचे प्राध्यापक आहेत. शहरातल्या उष्णतेचे नकाशे काढणं हा त्यांचा विषय. गाडीच्या खिडकीला तापमापक लावायचा, गल्लोगल्ली फिरायचं, सेकंदासेकंदाला नोंद घ्यायची. आदल्या वर्षीच, २०२० मध्ये, जेरेमी हॉफमन यांच्याबरोबर त्यांनी अमेरिकेतल्या १०८ शहरांचा अभ्यास छापला होता. १९३० च्या दशकात तिथल्या सरकारी गृहकर्ज यंत्रणेने ज्या वस्त्यांभोवती नकाशावर लाल रेघ ओढली, म्हणजे इथे कर्ज देऊ नका असं सुचवलं, त्या बहुतेक काळ्यांच्या आणि गरिबांच्या वस्त्या. १०८ पैकी ९४ टक्के शहरांत त्या वस्त्या आजही शेजारच्या वस्त्यांपेक्षा जास्त तापतात. कुठे कुठे फरक ७ अंशांपर्यंत जातो. झाडं लावली नाहीत, मोठे रस्ते त्यांच्याच अंगावरून नेले, गोदामं त्यांच्याच शेजारी आणली. नव्वद वर्षांपूर्वीची रेघ अशी पारा लावून मोजता येते.

आज दुपारी शांदास मुलाला बरोबर घेऊन निघाले. शहराचा अधिकृत आकडा दिवसअखेरीस ४६.७ वर जाणार होता. लेन्ट्स नावाच्या गरीब भागात ते थांबले : डांबर, काँक्रीट, झाड जवळपास नाहीच. हवेचं तापमान ५१ अंशांच्या वर गेलं. त्यांनी आजवर मोजलेलं सर्वांत जास्त. जमिनीच्या पृष्ठभागाचं ८२. मग ते विलमेट हाइट्सकडे गेले, मोठाली घरं, दाट जुनी झाडं. तिथे ३७. शहर तेच, दुपार तीच, आणि फरक चौदा अंशांचा. ‘आज पोर्टलंडचं तापमान’ असं आपण म्हणतो तेव्हा ते कुणाच्या अंगणातलं, हे विचारायला हवं.

लिटनमध्ये आज ४७.९.

२८ जून, रात्री १० : ४४ तास बाकी

आता आगीकडून नजर काढून व्हँकूवरकडे वळायला हवं, कारण खरी आपत्ती तिथे आधीच सुरू झाली आहे आणि ती कुणाला दिसत नाही.

इथली घरं हिवाळ्यासाठी बांधलेली. भिंतींत उष्णता धरून ठेवायची सोय, मोठ्या काचा, वरच्या मजल्यावर अडकलेली हवा. वातानुकूलन फार थोड्यांकडे. एरवी गरजच पडत नाही. पहिल्या दिवशी घर तापतं. रात्री बाहेर निवलं तर खिडक्या उघडून ते थंड होतं. पण घुमटाखाली रात्रीही निवत नाही. मग दुसऱ्या दिवसाची सुरुवात आदल्या दिवसाच्या उष्णतेवरून होते, तिसऱ्याची दुसऱ्याच्या. बाहेर पारा उतरू लागला तरी खोली चढतच राहते.

शरीर काय करतं? रक्त कातडीकडे ढकलतं, म्हणजे हृदयाचं काम वाढतं. घाम काढतं, म्हणजे पाणी आणि क्षार जातात. तरण्या माणसाला हे दोन दिवस झेपतं. सत्तरीतल्या माणसाची तहानेची जाणीवच मंदावलेली असते. त्यात रक्तदाबाच्या, मनोविकाराच्या काही गोळ्या घाम आणि पाण्याचं गणित आणखी बिघडवतात. खोली शरीराहून गरम झाली की पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. शरीराचं आतलं तापमान चाळिशीपुढे गेलं की मेंदू गोंधळतो, आणि नेमकी मदत मागायची त्या वेळी माणसाला आपल्याला मदत हवी आहे हे कळेनासं होतं. घरात दुसरं कुणी असलं तर ते ओळखतं.

प्रांताच्या मृत्यू-अन्वेषण खात्याने पुढे जे आकडे दिले त्यांत हे सगळं सापडतं. २५ जून ते १ जुलै या आठवड्यात उष्णतेने ६१९ माणसं गेली. ९८ टक्के घराच्या छपराखाली. दोन तृतीयांश सत्तरीच्या वरची. निम्म्याहून अधिक एकटी राहणारी. रुग्णवाहिकेसाठी फोन केलेल्यांपैकी काहींना ताटकळत ठेवलं गेलं, काहींना सध्या गाडीच नाही असं सांगण्यात आलं.

आपल्याकडे ‘उन्हाचा बाहेर पडू नकोस’ हा आजीचा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आणि जाड भिंतींच्या, माळवदाच्या घरात तो बरोबरही होता. पत्र्याच्या खोलीत किंवा सातव्या मजल्यावरच्या पश्चिमेकडच्या फ्लॅटमध्ये तो किती लागू पडतो, याची मला शंका आहे.

२९ जून, मंगळवार, दुपारी साडेचारच्या सुमारास : साडेपंचवीस तास बाकी

लिटन ४९.६.

या आकड्यापाशी थांबावं लागतं. जुना राष्ट्रीय उच्चांक ४.६ अंशांनी मागे पडला. युरोप खंडात तोवर इतकं तापमान कधीच नोंदलं गेलं नव्हतं. वाळवंटातल्या लास व्हेगासचा त्या वेळचा उच्चांक ४७.२ होता. आपल्या चंद्रपूर-नागपूरकडच्या लोकांना मे महिन्यातला ४७ चा आकडा सांगून घाबरवता येत नाही, पण त्यांच्याकडे कूलर असतो, डोक्याला उपरणं असतं, दुपारी रस्ते ओस पडतात, आणि मुख्य म्हणजे अंगाला एप्रिलभर सवय झालेली असते. नागपूर २१ अक्षांशावर आहे. लिटन पन्नासवर, आणि आठवड्यापूर्वी तिथले लोक संध्याकाळी स्वेटर शोधत असतील तर नवल नाही.

त्याच दिवशी प्रांताचे मुख्यमंत्री जॉन हॉर्गन यांची पत्रकार परिषद होती, मुख्यतः कोविडचे निर्बंध उठवण्याबद्दल. उष्णतेने होणाऱ्या मृत्यूंचा विषय निघाला तेव्हा मरण हा जीवनाचा भागच आहे आणि थोडी जबाबदारी व्यक्तीचीही असते, अशा अर्थाचं ते बोलून गेले. टीकेची झोड उठल्यावर त्यांनी माफी मागितली. माणूस दुष्ट नव्हता. त्यांच्यापुढे त्या घटकेला मृतांचा पुरा आकडा नव्हता, कारण तो कुणापुढेच नव्हता. पुरात माणूस वाहून गेला तर गावभर बोंब होते. उन्हाने गेलेला माणूस चार दिवसांनी शेजाऱ्याला वास आल्यावर सापडतो, आणि दाखल्यावर बहुधा हृदयविकार लिहिलेलं असतं.

आठवड्यातले सर्वाधिक मृत्यू याच तारखेचे. सुरुवातीला म्हटलं तो प्रश्न इथे येतो. सहाशेएकोणीस माणसांच्या हिशोबाने शून्याचा क्षण लिटनच्या आगीचा नव्हे. तो आजचा, आणि तोही एक क्षण नव्हे, तर सहाशेएकोणीस खोल्यांतल्या सहाशेएकोणीस वेळा. माझी उलटी गणती चुकीच्या शून्याकडे चालली आहे. तरी ती पुरी करतो, कारण आगीला निदान घड्याळ आहे.

३० जून, बुधवार, पहाटे ५ : १३ तास बाकी

सूर्योदय. घुमट पूर्वेकडे सरकू लागला आहे. किनाऱ्यावरच्या लोकांना हायसं वाटणार, पण सरकताना तो घळीतून वारा ओढून घेणार. तीन दिवस भट्टीत वाळलेलं गवत, पाइनच्या सुया, लाकडी घरं, आणि आता वारा.

३० जून, संध्याकाळी ५ च्या सुमारास : तासभर बाकी

गावाच्या दक्षिण टोकाला धूर. रेल्वेच्या ठिणगीने पेट घेतला असा संशय तेव्हापासून होता. वाहतूक सुरक्षा मंडळाने पुढे चौकशी केली, पण आगीचा रेल्वेशी संबंध जोडणारा पुरावा त्यांना मिळाला नाही.

३० जून, संध्याकाळी ६ : शून्य

महापौरांचा हुकूम. आपल्याला धूर दिसल्यापासून सगळं गाव पेटायला पंधरा मिनिटं लागली असतील, असं त्यांनी नंतर सांगितलं. लोक अंगावरच्या कपड्यांनिशी, हातात आलेलं कुत्रं-मांजर घेऊन, गाडीत बसून सुटले. दोन्ही बाजूंना ज्वाळा. गावाचा नव्वद टक्के भाग खाक झाला. सोन्याच्या शोधात आणि रेल्वेच्या कामावर आलेल्या चिनी मजुरांच्या वस्तू जपणारं छोटं संग्रहालय गेलं. दोन माणसं मेली.

त्या रात्री आगींच्या धुराचे लोट उंच चढून त्यांचेच गडगडाटी ढग बनले. पंधरा तासांत ब्रिटिश कोलंबिया आणि अल्बर्टावर सात लाखांहून जास्त विजा मोजल्या गेल्या, आणि त्यातल्या काहींनी नव्या आगी लावल्या.

७ जुलै, बुधवार : शून्यानंतर सातवा दिवस

सात देशांतल्या २७ संशोधकांचा निष्कर्ष जाहीर झाला. फान ओल्डेनबर्ग, ओटो, डे बिल्टच्याच शूके फिलिप आणि सारा क्यू, आणि बाकीचे. रीत अशी : सिॲटल, पोर्टलंड आणि व्हँकूवर ज्यात येतात तो पट्टा घ्यायचा, तिथल्या दर वर्षीच्या कमाल तापमानाच्या जुन्या नोंदी मांडायच्या, त्यांवरून किती तापमान किती वर्षांतून एकदा येईल याचा वक्र काढायचा, पृथ्वी तापत गेली तसा तो वक्र किती सरकला हे पाहायचं, आणि हेच पुन्हा संगणकी प्रारूपांत करून ताडून पाहायचं.

वक्रच मोडला. २०२० पर्यंतच्या नोंदींतून काढलेल्या वक्राला वरची एक हद्द होती, आणि जून २०२१ चा आकडा त्या हद्दीच्या पलीकडे होता. गणिताप्रमाणे ही घटना दुर्मीळ नव्हे, अशक्य होती. ती तर घडून गेलेली. आयुष्य ज्याने जुन्या नोंदी गोळा करण्यात आणि त्यांतून शक्यता काढण्यात घालवलं, त्याच्यापुढे नोंदवहीनेच हात वर केले होते. शेवटी त्यांनी ही घटनाच हिशोबात धरून वक्र नव्याने बसवला. उत्तर आलं : आजच्या हवामानातही साधारण हजार वर्षांतून एकदा, माणसाने वातावरण तापवलं नसतं तर किमान दीडशे पटींनी दुर्मीळ, म्हणजे जवळजवळ अशक्य, आणि औद्योगिक युगाच्या सुरुवातीला अशीच लाट आली असती तर ती सुमारे दोन अंशांनी सौम्य असती. पृथ्वीचं तापमान औद्योगिक युगापूर्वीच्या तुलनेत दोन अंशांनी वाढलं तर हीच गोष्ट पाच ते दहा वर्षांतून एकदा.

बातम्यांत दीडशेचा आकडा गेला. मला त्या अहवालातला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो, जो बातम्यांत फारसा आला नाही. त्यांनी दोन शक्यता मोकळेपणाने लिहिल्या. एक, हा फुटक्या नशिबाचा भाग, तापलेल्या पृथ्वीने थोडा आणखी वाईट केलेला. दुसरी, आपल्या प्रारूपांत नसलेली एखादी गोष्ट, कदाचित कोरडी माती आणि अडलेली हवा यांचं एकमेकांना चढवणं, अशा लाटांना अंदाजापेक्षा जास्त वेगाने जवळ आणते आहे. यांतली कोणती खरी हे त्यांनी सांगितलं नाही.

तोच निबंध तपासण्या पार पाडून २०२२ मध्ये छापला गेला. लेखकांच्या यादीत फान ओल्डेनबर्ग यांचं नाव आहे. ‘टाइम’ नियतकालिकाने सप्टेंबर २०२१ मध्ये जगातल्या शंभर प्रभावी व्यक्तींत त्यांना आणि ओटो यांना जोडीने घेतलं. १२ ऑक्टोबरला ते वारले.

गटाचं काम थांबलं नाही. एप्रिल २०२३ मध्ये भारत आणि बांगलादेशावर दमट उष्णतेची लाट आली. खारघरच्या उघड्या मैदानावर १६ एप्रिलला भर दुपारी लाखो लोक पुरस्कार सोहळ्याला बसले होते, आणि उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. ओटो, अच्युतराव आणि सहकाऱ्यांनी त्या लाटेचा हिशोब केला : हवामानबदलाने तिची शक्यता किमान तीस पटींनी वाढली होती. फलोदीच्या वेळी कोरड्या पाऱ्यात जे दिसलं नव्हतं ते दमटपणा धरून मोजल्यावर दिसलं. खारघरला त्या दिवशी पारा अडतिसाच्या आसपास होता, आणि अडतीस हा आकडा महाराष्ट्रात कुणाला बातमी वाटत नाही.

ब्रिटिश कोलंबियाने २०२२ च्या उन्हाळ्यापासून इशाऱ्यांची रीत बदलली. साधा इशारा ठरावीक तापमानाला निघतो. त्याच्या वरची पायरी, ‘अतिउष्णता आणीबाणी’, फक्त मोठ्या आकड्यावर लागत नाही. सलग तीन किंवा अधिक दिवस पारा रोज आदल्या दिवसापेक्षा चढत जाणार असं दिसलं की लागते. पुढच्या वर्षी प्रांताने गरजू घरांसाठी एक कोटी डॉलर बाजूला काढले, तीन वर्षांत ८,००० फिरती वातानुकूलन यंत्रं फुकट द्यायला. लिटनमध्ये त्या उन्हाळ्यात घरं अजून उभी राहिली नव्हती. राडारोड्याखाली न्लाकापमुखांच्या जुन्या वस्तीचे अवशेष लागले होते आणि खणायच्या आधी ते नोंदवून घेण्याचं काम चालू होतं.